तक्त्यात न मावणारा होकुसाई

प्रिय ताई,

मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी ‘ऐतिहासिक आणि समकालीन कार्यपद्धतींची तुलना’ हा विषय मीच हौसेने निवडला. एका बाजूला जपानी चित्रकार होकुसाई, दुसऱ्या बाजूला आजचे डिजिटल इलस्ट्रेटर. पहिल्या प्रकरणात होकुसाईचं चरित्र लिहिलं, दुसऱ्यात डिजिटल चित्रांची माहिती, आणि तिसऱ्यात तक्ता केला. डावीकडे हाताचं काम, एकट्याची साधना, सावकाश, मूळ कलाकृती, परंपरा. उजवीकडे यंत्र, टीम, झटपट, प्रती, तंत्रज्ञान. गाईडनी मसुदा परत केला आणि वर लिहिलं, “हे दोन निबंध झाले. तुलना कुठे आहे?” तुलना म्हणजे आणखी काय करायचं असतं, हेच मला कळेनासं झालंय.

दुसरी गोष्ट कुणाशी बोलले नाही. मी स्वतः टॅबलेटवर चित्रं काढते. जुन्या लोकांबद्दल वाचताना सारखं वाटतं की आपण करतो ते सोपं आहे, हलकं आहे. चुकलं की अनडू दाबणाऱ्यांनी त्यांच्या पंक्तीला बसावं का? त्यात आता एआय आलं. मित्र म्हणतात, सतराव्या शतकातल्या रुबेन्स या चित्रकाराच्या हाताखालीही मदतनीस होतेच की, मग फरक काय? मला उत्तर देता येत नाही.

– तक्त्यात अडकलेली

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या तक्त्याची डावी बाजू होकुसाईची नाही. आपल्या सगळ्यांच्या मनात एक ‘जुना कलावंत’ बसलेला असतो, एकटा, शांत, वेळेचं भान नसलेला. तू त्याचं वर्णन केलंस आणि वर होकुसाईचं नाव घातलंस. एकेक शब्द घेऊन बघ.

‘मूळ कलाकृती’. कानागावाच्या समुद्रातली ती प्रचंड लाट, जिच्यामुळे होकुसाई जगभर ओळखला जातो, ती साधारण १८३१ सालची. ते लाकडी ठशांवरून कागदावर छापलेलं मुद्राचित्र आहे आणि त्याच्या हजारो प्रती निघाल्या. आज संग्रहालयांत ज्या दिसतात त्या सगळ्या प्रतीच. एकमेव मूळ असं काही दाखवताच येणार नाही. ‘एकट्याची साधना’ म्हणावं, तर हे चित्र ज्या मालिकेतलं, ती काढली निशिमुराया योहाची या प्रकाशकाने, रेखाटन होकुसाईचं, कोरलं दुसऱ्याने, छापलं तिसऱ्याने. चित्रावर सही एकट्या होकुसाईची. कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव त्यावर नाही.

‘सावकाश’ हा शब्दही त्याला लागू पडत नाही. ही बाजारात विकायची चित्रं होती. ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं’ असं मालिकेचं नाव, पण ती लोकांना इतकी आवडली की आणखी दहा काढली गेली आणि एकूण शेहेचाळीस झाली. आणि ‘परंपरा’? त्या चित्रांतला गाजलेला निळा म्हणजे प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये रासायनिक प्रक्रियेतून तयार झालेलं हे रंगद्रव्य जपानात बाहेरून येत होतं. प्रकाशकाने जाहिरातीत या निळ्याचाच गाजावाजा केला. नवं, परदेशी, कृत्रिम रंगद्रव्य हे त्या चित्रांचं आकर्षण होतं. दूरची वस्तू लहान दाखवण्याची पाश्चात्त्य पद्धतही होकुसाईने उचललेली होती. विशाल लाटेखाली इवलासा दिसणारा फुजी बघ.

राहिलं ‘हाताचं काम’. ते खरं आहे, पण कोणाच्या हाताचं, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

आता याच्या उलट्या टोकालाही जाऊ नकोस. होकुसाईही टीममध्ये, प्रती काढून, नवं तंत्र वापरून काम करायचा, म्हणून तो आजच्या इलस्ट्रेटरसारखाच, असा निष्कर्ष हल्ली बऱ्याच लेखांत वाचायला मिळतो. वाचायला गंमत वाटते, पण तोही तितकाच आळशी आहे. दोघांत फरक आहे आणि तो खोल आहे. तुझा तक्ता जिथे शोधतोय तिथे मात्र तो नाही.

तुलना करायची म्हणजे दोघांना एकच प्रश्न विचारायचा. तू दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारलेस. होकुसाईला विचारलंस, ‘तू कोण होतास?’ आणि डिजिटल चित्राला विचारलंस, ‘तू कसं तयार होतंस?’ एकाचं चरित्र आलं, दुसऱ्याची तांत्रिक माहिती आली. मग ती एकमेकांसमोर ठेवून जुळणार कशी? गाईडच्या शेऱ्याचा मला लागलेला अर्थ हा आहे.

कोणता प्रश्न? माझ्या मते कामाच्या पद्धतीबद्दलचा सगळ्यांत फलदायी प्रश्न असा: इथून पुढे मागे फिरता येत नाही, अशी जागा या कामात कुठे येते, आणि त्या जागी कोण उभं असतं? तुझ्या पत्रात ‘अनडू’ हा शब्द आलाच आहे. तू त्याच्याकडे लाज वाटून बघितलंस. तोच तुझ्या प्रबंधाचा कणा होऊ शकतो.

होकुसाईच्या बाबतीत याचं उत्तर थरारक आहे. चित्रकार पातळ कागदावर पक्कं रेखाटन करी. तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवला जाई, म्हणजे पाठीमागून रेषा दिसत. मग कोरणारा कागदासकट लाकूड कोरत जाई. रेषा तेवढी उंच ठेवायची, बाकीचं काढून टाकायचं. रेखाटन त्यातच नष्ट होई. काळ्या रेषांचा मुख्य ठसा तयार झाला की त्याच्या छापांवर चित्रकार रंगांच्या जागा दाखवून देई आणि मग रंगांचे वेगळे ठसे कोरले जात. प्रत्येक वेळी कागद त्याच जागी बसावा म्हणून ठशाच्या कोपऱ्याला आणि कडेला खुणेच्या खाचा असत. म्हणजे मागे न फिरण्याची जागा छिन्नीच्या पहिल्या घावापाशी येते, आणि तिथे होकुसाई नसतो. तिथे ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही असा माणूस बसलेला असतो.

याचा एक विलक्षण पुरावा अलीकडेच समोर आला. २०२० मध्ये ब्रिटिश म्युझियमने होकुसाईची १०३ छोटी रेखाटनं मिळवली. ‘सगळ्या गोष्टींचं मोठं चित्रपुस्तक’ अशा अर्थाच्या नावाच्या एका पुस्तकासाठी त्याने ती काढली होती. पुस्तक काही निघालं नाही. निघालं असतं, तर त्यांतलं एकही रेखाटन उरलं नसतं. या रेखाटनांत होकुसाईच्या हातची रेषा आपल्याला थेट दिसते, ती काम अर्धवट राहिलं म्हणून. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याच्या छापील चित्रांकडे बघण्याची माझी नजरच बदलली. त्या लाटेच्या फेसाचे पंजे आपण होकुसाईचे म्हणतो. पण ते आपल्यापर्यंत पोचले ते कोरणाऱ्याच्या मनगटातून.

होकुसाईला याची पुरती जाणीव होती. किशोरवयात तो स्वतः ठसे कोरायला शिकला होता. साधारण अठरा-एकोणीस वर्षांचा असताना तो चित्रकार कात्सुकावा शुनशोच्या चित्रशाळेत गेला. त्यामुळे छिन्नीला काय जमतं आणि काय जमत नाही, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. मागे फिरता येणार नसेल, तर माणूस आधी तयारी करतो. त्याची तयारी किती लांबची होती, हे बघायचं तर १८०३ ते १८०५ च्या सुमाराची त्याची दोन चित्रं शोध. दोन्हींत उसळलेली लाट आहे आणि तिच्याखाली सापडलेल्या नावा आहेत. जगप्रसिद्ध लाट त्यानंतर पाव शतकाने आली. तालीम त्या एका चित्राच्या आत झाली नाही, आयुष्यभराच्या चित्रांत झाली.

हाच प्रश्न घेऊन आता दुसरीकडे जा, म्हणजे ‘इतिहास’ ही एकसंध वस्तू नाही हे कळेल. ओल्या गिलाव्यावरच्या भित्तिचित्रात चुन्याचा थर ओला असेपर्यंतच रंग द्यायचा असतो. पाण्यात कालवलेलं रंगद्रव्य गिलाव्यात शिरतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावत. दुसऱ्या दिवशी चूक दिसली तर तो तुकडा फोडून काढून नवा गिलावा लावणं हाच खात्रीचा उपाय. वाळलेल्यावर रंग चढवता येतो, पण तो तितका टिकत नाही. १५०८ ते १५१२ मध्ये सिस्टिन चॅपेलचं छत रंगवताना मायकेलँजेलो याच शिस्तीत काम करत होता. रोजच्या गिलाव्याचे सांधे आजही दिसतात आणि त्यांवरून अभ्यासक कामाचे दिवस मोजतात. त्याच शतकात तैलरंगात काम करणारा टिशियन मात्र रंगवलेलं बदलू शकत होता, चित्रातल्या माणसाचा हात सरकवू शकत होता, आकृती झाकून टाकू शकत होता. क्ष-किरणांत ते बदल उघडे पडतात. एकच काळ, एकच देश, आणि चूक सुधारण्याचे दोन अगदी वेगळे नियम.

‘समकालीन’ हा शब्दही असाच सैल आहे. फोटोशॉप १९९० मध्ये आलं तेव्हा एकच पाऊल मागे जाता येई. १९९४ च्या आवृत्तीत लेयर, म्हणजे चित्राचे सुटे थर, आले. अनेक पावलं मागे नेणारी हिस्टरी १९९८ मध्ये आली. १९९२ साली त्यावर काम करणाऱ्याला आधीची अवस्था जपायची असेल तर फाईलची वेगळी प्रत ठेवावी लागे. म्हणजे तू ज्याला ‘डिजिटल पद्धत’ म्हणतेस तिच्यात आठ वर्षांत तीन पद्धती झाल्या. प्रबंधात ‘आजचे डिजिटल इलस्ट्रेटर’ असं लिहून भागणार नाही. कोण, कोणत्या साधनावर, कोणासाठी, हे आलंच पाहिजे.

आणि अनडूमुळे ती मागे न फिरण्याची जागा नाहीशी झाली का? मला तसं दिसत नाही. ती पुढे सरकली आहे. पूर्वी ती साहित्यात होती, म्हणजे चुन्यात, लाकडात. आता ती फाईल हातातून सुटते तिथे आहे: छपाईला जाते तेव्हा, लोकांसमोर टाकली जाते तेव्हा. तिथपर्यंत सगळं सुटं, बदलता येण्याजोगं. त्यामुळे एक नवीन ओझं येतं, आणि ते तू रोज उचलतेस. चुना वाळला की चित्रकाराला थांबावंच लागे. तुला कोणीच थांबवत नाही. कुठे थांबायचं हे तुझं तुलाच ठरवावं लागतं, आणि ‘अजून एक ऑप्शन दाखवा’ म्हणणारा क्लायंट समोर असतो.

क्लायंट मात्र नवा नाही. १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी चित्र काढायचा जो करार चित्रकार गिर्लांदायोने केला, तो आजच्या ब्रीफशी ताडून बघण्यासारखा आहे. आधी कागदावर दिलेल्या रेखाटनाबरहुकूम, स्वतःच्या हाताने रंगवायचं. निळा वापरायचा तो औंसाला साधारण चार फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी) किमतीचा अल्ट्रामरीनच. काम तीस महिन्यांत द्यायचं. मोबदला ११५ फ्लोरिन. आणि हे सगळं करार करणाऱ्या मठवासीला योग्य वाटेल त्याप्रमाणे. हे शेवटचं कलम वाचून कुठल्याही डिझायनरला ओळख पटेल. फरक असा की गिर्लांदायोच्या करारात महाग वस्तू रंगद्रव्य आहे. ते लाजवर्द (लॅपिस लाझुली) या निळ्या दगडापासून काढत आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातल्या खाणींतून येई. तुझ्या करारात कोणत्या गोष्टीला पैसे मोजले जातात? दुरुस्तीच्या फेऱ्यांना, वापराच्या हक्कांना, वेळेला. काय महाग आहे हे बदललं की कुठे काटकसर करायची हे बदलतं, आणि त्यातून चित्रही बदलतं. याच्यावर एक अख्खं प्रकरण होऊ शकेल.

एक सावधगिरी सांगते. दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारलास, तरी उत्तरं देणारे पुरावे सारखे नसतात. मायकेलँजेलोचा समकालीन चरित्रकार वसारी याने लिहून ठेवलंय की मायकेलँजेलोने मरणापूर्वी आपली पुष्कळ रेखाटनं जाळली, आपली धडपड कोणाला दिसू नये म्हणून. त्यामुळे जुन्यांचं काम आपल्याला एकटाकी, अचूक भासतं. चुकांचे ढीग नाहीसे झालेत आणि निवडक यश उरलंय. तुझ्या टॅबलेटवर मात्र तुझी प्रत्येक खोडाखोड तुझ्यासमोर असते. तुझ्या मनातल्या हलकेपणाचं एक कारण हे असावं. तू स्वतःच्या कच्च्या कामाची तुलना दुसऱ्याच्या वेचून उरलेल्या कामाशी करते आहेस.

पण डिजिटल पुरावा टिकाऊ असतो, असंही समजू नकोस. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहोलने १९८५ मध्ये अमिगा संगणकावर काही चित्रं केली. त्या फ्लॉपी संग्रहालयात पडून होत्या. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबमधल्या लोकांनी खटपट करून त्यांतली चित्रं बाहेर काढली, कारण त्या फाईली सहजासहजी उघडतच नव्हत्या. पाचशे वर्षांपूर्वीचं कागदावरचं रेखाटन आपण डोळ्यांनी बघतो, तीसेक वर्षांपूर्वीची फाईल वाचायला तज्ज्ञ लागतात. म्हणून ज्या इलस्ट्रेटरचा अभ्यास करशील त्याच्याकडून आताच लेयरसह फाईली माग, प्रोक्रिएटसारखं ॲप असेल तर त्याने आपोआप टिपलेली कामाची चित्रफीत माग. आणखी दहा वर्षांनी ती मिळेलच असं नाही.

आता तुझ्या मित्रांचा रुबेन्स. १६१८ मध्ये रुबेन्सने इंग्रज मुत्सद्दी डडली कार्ल्टनला चित्रांची एक यादी पाठवली. कार्ल्टनकडच्या प्राचीन शिल्पांच्या बदल्यात तो चित्रं देऊ करत होता. त्या यादीत प्रत्येक चित्रापुढे नोंद आहे: हे पूर्ण माझ्या हातचं, हे शिष्याने केलेलं आणि मी वरून हात फिरवलेलं, यातला भाग दुसऱ्या चित्रकाराचा. ग्रीक पुराणातल्या प्रॉमिथियसच्या चित्रातला गरुड स्नायडर्स या दुसऱ्या चित्रकाराने रंगवला, हे त्याने नाव घेऊन लिहिलंय. मोठ्या चित्राआधी रुबेन्स बहुधा स्वतः छोटं तैलरेखाटन करी आणि त्यावरून मदतनीस मोठं चित्र उभं करत. म्हणजे ठरवणं आधी, हात नंतर. तरुण चित्रकार व्हॅन डाइक त्याच्याकडेच काम करत होता. त्याला तिथे शिकायला मिळालं आणि पुढे तो स्वतः युरोपभर नावाजला गेला.

मित्रांना विचार, यांतलं एआयच्या बाबतीत काय लागू होतं? ज्या चित्रकारांच्या कामावर ही मॉडेलं घडवली गेली त्यांतल्या अनेकांना कोणी विचारलं नाही. त्यांना शिकायला मिळालं नाही, मोबदला मिळाला नाही, आणि चित्रापुढे स्नायडर्ससारखी त्यांच्या नावाची नोंदही नाही. दुसरा मुद्दा मला कारागिरीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाटतो. रुबेन्सच्या चित्रशाळेत निर्णय आधी आणि सफाई शेवटी येई. एआयमध्ये गुळगुळीत, पूर्ण झाल्यासारखी दिसणारी चित्रं पहिल्याच मिनिटाला समोर येतात आणि निर्णय त्यांतून निवडण्यापुरता उरतो. काय काढायचं हे तू ठरवण्याआधीच सफाई हजर असते, आणि सफाईदार वस्तूपुढे माणसाची शंका गप्प बसते. वापरू नकोस, असं मी म्हणत नाही. पण रुबेन्सचं नाव घेऊन कोणी ते तुझ्या गळी उतरवत असेल, तर १६१८ ची ती यादी पुढे ठेव आणि म्हण, अशी यादी करून दाखवा.

तुझ्या खंतीबद्दल आणखी थोडं. हात म्हणजे खोल आणि यंत्र म्हणजे उथळ, ही विभागणी खुद्द विसाव्या शतकातल्या कलावंतांनी निकालात काढली आहे. व्हेरा मोल्नार ही बुडापेस्टमध्ये जन्मलेली, पॅरिसमध्ये काम करणारी चित्रकर्ती. तिला संगणक मिळाला १९६८ मध्ये. पण १९५९ पासूनच ती ‘काल्पनिक यंत्र’ मनाशी धरून काम करत होती. आधी नियम ठरवायचे, मग एकेक पायरी हाताने, यंत्राच्या काटेकोरपणे पार पाडायची. हात तिचा, पद्धत यंत्राची. त्याच १९६८ साली अमेरिकन कलावंत सॉल लेविटने भिंतीवरच्या रेखाटनांना सुरुवात केली. पुढे तो लेखी सूचना देई आणि भिंतीवर रेघा दुसरे लोक ओढत. तिथे काम हातानेच होतं, पण कलावंताच्या हाताने नव्हे. या दोघांना तुझ्या तक्त्यात कुठे बसवशील?

एकोणिसाव्या शतकातल्या विल्यम मॉरिस या इंग्रज डिझायनरचंही उदाहरण जरूर वाच, कारण यंत्रयुगाविरुद्ध हस्तकलेचा कैवार घेणारा म्हणून त्याचं नाव सगळीकडे येतं. १८९१ मध्ये त्याने केल्म्स्कॉट प्रेस हा छापखाना काढला तेव्हा छपाईच्या खिळ्यांच्या (टाइपच्या) नमुन्यासाठी तो पंधराव्या शतकातला मुद्रक निकोलस जेन्सन याच्या अक्षरांकडे वळला. त्यासाठी त्याने जुन्या छापील पानांचे फोटो काढून मोठे करवून घेतले, त्या मोठ्या केलेल्या अक्षरांवरून हात बसवला आणि मग स्वतःचं अक्षर रेखाटलं. फोटोग्राफी नसती तर जेन्सनच्या अक्षरांची वळणं त्याला इतक्या जवळून दिसली नसती.

तरीही काहीच गमावलं नाही, असं मी तुला सांगणार नाही, कारण ते खरं नाही. अनडू हाताशी असलं की आधी विचार करण्याची सवय सुटते. पुढच्या माणसाचं हत्यार माहीत नसलं तरी चालून जातं. होकुसाईला छिन्नी माहीत होती. आपल्या फाईलीचं छपाईत काय होतं, हे आज किती इलस्ट्रेटरनी पाहिलेलं असतं? या उणिवेकडे लाजेने बघू नकोस, तिचा प्रश्न कर आणि प्रबंधात मांड.

त्यासाठी एक काम स्वतःच्या हाताने करून बघ. पातळ कागदावर छोटं रेखाटन काढ, ते लिनोलियमवर किंवा मऊ लाकडावर पालथं चिकटव आणि कागदासकट कोर. मग तेच चित्र टॅबलेटवर एकाच लेयरमध्ये, अनडू न वापरता काढ. तिसऱ्यांदा नेहमीच्या पद्धतीने काढ. प्रत्येक वेळी कुठे हात थबकला, कुठे आधी कच्चं काढून पाहावंसं वाटलं, कुठे बेफिकीर झालीस, हे लगेच लिहून ठेव. हा पोरखेळ वाटू देऊ नकोस. कोलंबिया विद्यापीठात २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘मेकिंग अँड नोइंग’ प्रकल्पात सोळाव्या शतकातल्या एका फ्रेंच हस्तलिखितातल्या कारागिरीच्या कृती प्रयोगशाळेत करून बघितल्या गेल्या आणि त्यावरून ते हस्तलिखित समजून घेतलं गेलं. मात्र कोरून झाल्यावर ‘आता मला होकुसाई कळला’ असं लिहू नकोस. तुला लाकूड कळेल, कागद कळेल. त्याच्या मनात काय होतं हे त्यातून कळत नाही.

प्रबंधाची मांडणी बदल. होकुसाईचं प्रकरण आणि डिजिटलचं प्रकरण, ही वाटणी काढून टाक. प्रकरणं प्रश्नांची कर: मागे न फिरण्याची जागा, खर्च कशावर होतो, नाव कोणाचं लागतं. प्रत्येक प्रकरणात दोघेही आले पाहिजेत. होकुसाईच्या बाजूला फुजीची एक मालिका पुरे, त्याचं अख्खं आयुष्य नको. दुसऱ्या बाजूला एक किंवा फार तर दोन इलस्ट्रेटर घे. साम्य आणि भेद आपोआप वर येतील, त्यांची वेगळी यादी लागणार नाही.

लाटेच्या वेगवेगळ्या प्रती मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारात बघायला मिळतात. दोन-तीन शेजारी ठेवून शीर्षकाच्या चौकटीची रेषा तपास. नंतर छापलेल्या प्रतींत ती तुटलेली दिसते, कारण ठसा झिजत गेला. मग त्याच इलस्ट्रेटरचं एखादं चित्र मूळ फाईलमध्ये आणि अनेकदा पुढे पाठवून-साठवून दाबल्या गेलेल्या जेपेगमध्ये बघ. दोन्हीकडे प्रत बिघडते, पण बिघडण्याची कारणं आणि खुणा पूर्ण वेगळ्या आहेत. ही दोन पानं लिहिताना तुला तुलना म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मुलाखत इलस्ट्रेटरचीच घेऊन परत येऊ नकोस. छपाईपूर्वी फाईली तपासणारा, रंग जुळवणारा जो माणूस आहे त्यालाही तेवढाच वेळ दे. इलस्ट्रेटरची कोणती चूक तो मुकाट्याने सुधारतो, कोणती सुधारू शकत नाही, फाईल परत कधी पाठवतो, हे विचार. त्याची परवानगी लेखी घे आणि त्याचं नाव प्रबंधात इलस्ट्रेटरच्या नावाशेजारीच छाप.

तुझी,
ताई